स्टँड मिक्सरची साफसफाई: कुठल्या क्रमानं करायची आणि कुठं चुकतंय

ह्या वर्षात ओळखीतल्या चौघींच्या स्टँड मिक्सर, म्हणजे केकचं बॅटर, क्रीम, कणीक फेटायच्या मशीन, रिपेरीला गेल्या. दोघी बेळगावात टिळकवाडीतल्या, एक अनगोळची, एक निपाणीची, चौघी घरातनं केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या, म्हणजे मशीन वापरायला येत नाही असं काही नाही. आणि चौघींचं कारण जवळजवळ एकच, मशीन बिघडली ती वापरताना नाही, साफ करताना.

आपल्याला सवय चटणीच्या मिक्सरची. त्याची मोटर खाली, भांडं वर, भांडं उचललं की नळाखाली धरलं, झालं काम. स्टँड मिक्सरमध्ये सगळं उलटं आहे, मोटर आणि गिअर वर डोक्यात आणि बाऊल खाली, म्हणजे डोक्यात जे काय शिरेल, पाणी म्हणा पीठ म्हणा साबण म्हणा, ते तिथल्या ग्रीसमध्ये मिसळून एक दिवस परत खालीच येणार, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकमध्ये. खडेबाजारातल्या आमच्या रिपेरीवाल्याकडं मशीन नेली की तो स्क्रू काढायच्या आधीच विचारतो, "अक्का, नीरु हाकिद्रेनु?" पाणी घातलासा काय, म्हणून. आणि आपण नाही म्हटलं तरी त्याला डोकं उघडल्यावर कळतंच की.

कंपनी कुठली का असेना, डोकं मागं कलणारी मशीन असू दे नाहीतर बाऊल दांड्यावर वर उचलणारी, क्रम तोच आहे. भिजणारं आधी भिजत घाला, पण त्याच्याही आधी कोरडं पीठ झटका, आणि मशीनच्या अंगाला ओलं फडकं सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की दहा मिनिटांचं काम तासभर चालतं.

काय घेऊन बसायचं, काय नाही

दोन सुती फडकी, जुनं बनियन फाडलेलं सगळ्यात बेस्ट, त्याचे धागे सुटत नाहीत. रंगकामाचा एक इंची ब्रश, नवा, फक्त ह्याच कामासाठी ठेवलेला. जुना टूथब्रश. कान साफ करायच्या काड्या चार-पाच. संपलेल्या उदबत्तीच्या काड्या टाकून देऊ नका, त्यांच्या टोकाला चिंधी गुंडाळली की फटीत घालायला ह्याच्याइतकं चांगलं हत्यार दुकानात मिळत नाही. भांडी घासायचं लिक्विड, मऊ स्पंज, थोडं व्हिनेगर नाहीतर अर्धं लिंबू.

ह्यातलं काही जवळ ठेवू नका: तारेची घासणी, भांड्याची पावडर, धुण्याचा सोडा, ब्लीच आणि ती फवारायची बाटली. तारेनं आणि पावडरीनं रंग जातो आणि स्टीलवर ओरखडे पडतात, त्या ओरखड्यात मग लोण्याचा थर बसतो. सोड्यानं ॲल्युमिनियम काळं पडतं. ब्लीचमधल्या क्लोरीननं स्टीलला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, ते परत भरत नाहीत. आणि फवारा मारला की थेंब कुठं जातात ते आपल्याला दिसत नाही, हवेच्या जाळीतनं सरळ मोटरवर.

१. आधी बटण शून्यावर, मग स्विच, मग प्लग

ह्याच क्रमानं. नुसता भिंतीवरचा स्विच बंद करून साफ करायला बसू नका. आपल्याकडं पावसात लाइट जातीच, क्रीम फेटताना मध्येच गेली की आपण म्हणतो चला तोवर पुसून घेऊ, आणि हात विस्कच्या तारांमध्ये असताना लाइट येते, मशीनचं बटण तर आहे तसं पाचवर. माझ्या जावेच्या बोटाला असंच लागलंय, हाड वाचलं एवढंच नशीब.

प्लग काढल्यावर मशीन गरम असेल तर दहा मिनिटं थांबा. गरम अंगाला ओलं फडकं लावलं की पाणी लगेच उडून जातं आणि पीठ तिथंच वाळून पापडी धरतं.

चेक: प्लगची वायर मशीनभोवती न गुंडाळता बाजूला ठेवलीय ना? साफ करताना ती बाऊलच्या पाण्यात पडलेली मी दोनदा बघितलीय.

२. बाऊल जागेवर असतानाच कोरडं पीठ झटका

इथं जवळजवळ सगळ्या चुकतात. काम झालं की पहिलं काय करतो, बाऊल काढून सिंकमध्ये. मग डोक्यावरचं, मानेवरचं, जाळीतलं पीठ झटकलं की ते सगळं बाऊलच्या बैठकीत पडतं आणि तिथल्या ओलीत चिकटतं. त्यापेक्षा बाऊल आहे तिथंच राहू दे, तसाही तो धुवायचाच आहे, कोरड्या ब्रशनं वरनं खाली झटकत या. आधी डोक्याचा वरचा भाग, मग स्पीडच्या बटणाभोवतीची फट, मग मागची नाहीतर खालची हवेची जाळी, मग मान.

जाळीवर ब्रश बाहेरच्या दिशेनं मारायचा, आत ढकलायचं नाही. तोंडानं फुंकू नका, फुंकरीत ओल असते. हेअर ड्रायर तर अजिबात नको, तो पीठ आतच पाठवतो. घरात व्हॅक्युम क्लिनर असेल तर ओढायच्या बाजूनं जाळीवर धरा, ते सगळ्यात चांगलं.

मैदा आणि पाणी एकत्र आलं की काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको, पण मशीन पुसताना नेमकं तेच विसरतो. पिठावर ओलं फडकं फिरवलं की ते फटींमध्ये कणकेसारखं भरतं आणि वाळून दगड होतं.

३. बीटर, हुक, विस्क आणि बाऊल: पाणी कुठलं ते बघून घाला

आता डोकं वर करा, लॉक करा (बाऊल उचलणारी मशीन असेल तर बाऊल खाली घ्या), जे लावलं असेल ते, बॅटरचा चपटा बीटर, कणकेचा हुक नाहीतर क्रीमचं तारांचं विस्क, वर दाबून थोडं फिरवून मग खाली काढा आणि मग बाऊल. हे लगेच भिजत घालायचं, म्हणजे आपण मशीन पुसेपर्यंत निम्मं काम आपोआप होतं. पण गरम पाणी की गार, हा प्रश्न आहे, आणि "गरम पाण्यानं सगळं निघतं" हा आपला समज इथं चुकतो.

पीठ किंवा अंडं लागलेलं असेल तर आधी गार पाणी. साधारण ६० अंशाच्या आसपास गव्हाच्या पिठातला स्टार्च फुगून त्याची खळ होते आणि अंड्याचा पांढरा भागही तेवढ्यातच घट्ट व्हायला लागतो, मग ते घासून घासून काढा. गार पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की पीठ पदर सुटल्यासारखं निघतं.

लोणी, बटरक्रीम, नाहीतर ते डब्यातलं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम असेल तर सरळ गरम पाणी आणि लिक्विड. ते नॉन-डेअरी क्रीम म्हणजे वनस्पती फॅट असतंय, गार पाण्यात त्याचा मेणासारखा पातळ थर राहतो, डोळ्याला दिसत नाही पण हाताला लागतो.

दोन्ही असेल, म्हणजे केकचं बॅटर, तर आधी गार पाण्यानं विसळा आणि मग गरम. आयसिंग साखर असेल तर काही करू नका, कोमट पाण्यात विरघळते, फक्त वाळायच्या आत बुडवा.

विस्कच्या तारा जिथं मुंडक्यात शिरतात तिथं बॅटर अडकतं, बोट पोचत नाही. त्याला एक युक्ती: बाऊलमध्ये पाव भाग कोमट पाणी, दोन थेंब लिक्विड, विस्क लावून सगळ्यात कमी स्पीडवर पंधरा-वीस सेकंद फिरवा. पाव भागापेक्षा जास्त पाणी नको आणि स्पीड वाढवू नका, नाहीतर फेस डोक्याच्या खालच्या बाजूला उडतो, म्हणजे जे टाळायचं तेच केलं. मग प्लग परत काढा, विसरू नका, आणि विस्क उलटं करून टूथब्रश मारा.

थांबा, इथं एक बघून घ्या. तुमचा बीटर कसला आहे? तीन प्रकार येतात. स्टीलचा असेल तर काळजी नाही. पांढरा किंवा करडा कोटिंगवाला असेल तर कडेला टवका उडालाय का बघा, उडाला असेल तर बीटर बदला, ते कोटिंग उद्या केकमध्ये येणार. आणि तिसरा, चकचकीत पण हलका, न रंगवलेला ॲल्युमिनियमचा. हा भिजत घालायचाच नाही, डिशवॉशरमध्येही नाही. पाण्यात, साबणात जास्त राहिला की करडा पडतो आणि मग हाताला, फडक्याला, पांढऱ्या बटरक्रीमला काळसर डाग देतो. ह्याला कोमट पाणी, लिक्विड, लगेच धुवून लगेच कोरडा. आधीच काळा पडला असेल तर लिंबाच्या फोडीनं चोळा, पाच मिनिटात धुवा, पुसा, आणि फडकं फिरवून काळं यायचं थांबेपर्यंत हेच परत करा. लिंबू लावून रात्रभर ठेवायचं नाही, आंबटानं ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

बाऊल स्टीलचा असला तरी त्यात मीठ घातलेली कणीक तशीच ठेवून झोपू नका, सकाळी तळाला बारीक ठिपके दिसतील. आणि ज्यांना मेरँग, म्हणजे अंड्याचा पांढरा आणि साखर फेटून करतात ते, करायचं असतं त्यांनी धुतल्यावर बाऊल आणि विस्क लिंबाच्या रसानं किंवा व्हिनेगरनं पुसून घ्यायचं, फॅटचा पातळ थर जरी राहिला तरी अंड्याचा पांढरा फुगत नाही, मग दोष अंड्याला देतो आपण.

४. डोक्याची खालची बाजू

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि बहुतेकजणी तो करतच नाहीत, कारण कट्ट्यासमोर उभं राहिलं की ती बाजू दिसतच नाही. डोकं वर करून लॉक करा, टॉर्च मारा आणि वाकून खालनं बघा. मधे बीटर लावायची दांडी दिसेल, तिला आडवी पिन असते. दांडी ज्या गोल चकतीवर आहे ती सगळी चकती फिरते, म्हणूनच बीटर स्वतःभोवती एका दिशेनं आणि बाऊलमध्ये उलट्या दिशेनं फिरतो. चकतीभोवती स्टीलचं नाहीतर प्लास्टिकचं कडं असतं. चकती आणि कडं ह्यांच्यामधली जी फट, तिथं महिनाभराचं क्रीम, अंडं, पीठ बसलेलं असतं. वास घेऊन बघा, खवट येत असेल तर तेच.

आता क्रम:

आधी सुकी काडी. उदबत्तीच्या काडीनं वाळलेलं खरवडून खाली पाडा, बैठकीवर पेपर टाकून ठेवा म्हणजे तिथं पसरणार नाही.

मग पिळलेलं फडकं. पिळलेलं म्हणजे मुठीत दाबलं तरी थेंब पडता कामा नये असं. काडीला गुंडाळून फटीतनं गोल फिरवा. चकती हातानं थोडी थोडी फिरवत जायचं, प्लग काढलेला असताना ती फिरते, जरा जड लागते ते गिअरमुळं, जोर करू नका.

मग दांडी आणि पिन. इथं साखरेचा पाक वाळलेला असतो, त्यामुळंच बीटर अडकतो. कानकाडी कोमट पाण्यात बुडवून, बोटानं दाबून, पिनच्या दोन्ही बाजूनं फिरवा.

शेवटी कोरडं फडकं. आणि पाच-दहा मिनिटं डोकं तसंच वर ठेवा.

ह्या जागेवर साबणाचं पाणी सोडायचं नाही, ओला स्पंज दाबायचा नाही. ओला स्पंज दाबला की पाणी दांडीच्या कडेनं वर जातं, आणि डोकं मागं कललेलं असतं त्यामुळं ते सरळ गिअरकडं वाहतं. वर सांगितलेल्या चौघींपैकी तिघींचं हेच झालं होतं.

चेक: फडक्याला काय लागलं ते बघा. पिवळसर किंवा तपकिरी, बुळबुळीत असेल तर ते ग्रीसचं तेल, त्याबद्दल खाली आठव्या टप्प्यात बघा. करडं, कोरडं, बोटांच्या रेषांमध्ये भरणारं असेल तर ते बीटरचं ॲल्युमिनियम, मशीनचा दोष नाही.

बीटर दांडीवर अडकूनच बसला असेल तर हातोडी नको, पकड नको. गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं सांध्याभोवती दहा मिनिटं गुंडाळा, पाक मऊ होतो, मग डावी-उजवीकडं हलवत खाली ओढा. पुढं अडकू नये म्हणून दांडी साफ केल्यावर फूड ग्रेड, म्हणजे खाण्यात गेलं तरी चालणाऱ्या, मिनरल ऑइलचा एक थेंब पिनला लावून पुसून टाका. खोबरेल लावू नका. डिसेंबरात बाटलीत काय होतं ते बघता ना, दांडीवरही तेच होणार, शिवाय खायची तेलं काही दिवसांनी चिकट होतात आणि खवट वास मारतात. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, काम करेल असं वाटतं, पण ते खायचं नाही आणि ही दांडी बाऊलच्या बरोबर वर आहे.

५. मशीनचं अंग

आता कुठं ओलं फडकं. पाण्यात एक थेंब लिक्विड, फडकं पिळून, वरनं खाली. मग नुसत्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. जाळीवरनं ओलं फिरवू नका. झालं, ह्यात एवढं सांगण्यासारखं काही नाही.

फक्त ज्यांची मशीन गॅसच्या शेजारी असते त्यांच्या अंगावर फोडणीच्या तेलाचा चिकट थर बसतो आणि त्यावर मैदा उडाला की ते पाण्यानं जात नाही. कोमट पाण्यात लिक्विड जरा जास्त घाला, फडकं दोन मिनिटं त्या जागेवर ठेवा आणि मग पुसा. आणि मशीनची जागा बदला, रोज एवढं करण्यापेक्षा ते सोपं.

६. बाऊलची बैठक आणि पाय

ज्या मशीनमध्ये बाऊल फिरवून लॉक होतो तिथं खाचांमध्ये पाक आणि बॅटर गळतं आणि बाऊल जाम बसतो. टूथब्रश, पिळलेलं फडकं, मग कोरडं. बाऊल अडकला असेल तर बुडाशी गरम ओलं फडकं गुंडाळून थांबायचं, ठोकायचं नाही. क्रीमसाठी बाऊल फ्रीजमध्ये ठेवत असाल तर लावायच्या आधी बाहेरनं पुसा, त्याला सुटलेलं पाणी सगळं ह्याच खाचांमध्ये उतरतं.

खालचे रबरी पाय कट्ट्याला चिकटणारे असतील तर त्यांच्यावर पीठ बसलं की पकड जाते, मशीन चालत चालत कट्ट्याच्या कडेला येते. कडप्प्यावर ते छान धरतात, खरबरीत शहाबादीवर धरत नाहीत. पाय ओल्या फडक्यानं पुसा, कट्टाही पुसा, मग मशीन दाबून बसवा. काढताना डोक्याला धरून ओढू नका, कलणारी मशीन असेल तर सांध्याची पिन ढिली होते. रबराची कड बोटानं उचलली की हवा शिरते आणि पाय आपोआप सुटतो.

७. वाळवणं

बाऊल आणि बीटर पुसून वेगळे ठेवायचे. ओला बीटर दांडीला लावून ठेवला की दोघं एकमेकांना धरतात. बाऊलमध्ये ओलं सामान कोंबून वर झाकण ठेवलं की दुसऱ्या दिवशी वास.

पावसाळ्यात तर, म्हणजे आपल्याकडं जून ते सप्टेंबर, आणि खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्यांना तर काय सांगायचं, भिंतीला हात लावला तरी ओला होतो, तेव्हा प्लास्टिकचं कव्हर घालू नका. आतली ओल आतच राहते. जुन्या कॉटनच्या साडीचं शिवून घ्या. झुरळांना मोटरची ऊब आवडते, त्यामुळं जाळीकडची बाजू महिन्यातनं एकदा टॉर्च मारून बघायची. डांबराच्या गोळ्या मात्र जवळ ठेवू नका, लोणी आणि क्रीम वास पटकन धरतं.

इथंपर्यंत रोजचं झालं. खालचं महिन्या-दोन महिन्यातनं एकदा.

८. आवाज, तेल आणि वास

मशीन बरेच दिवस पडून राहिली, गणपती ते ख्रिसमस असं म्हणा, की गिअरच्या ग्रीसमधलं तेल सुटतं आणि दांडीवरनं थेंब थेंब खाली येतं. लगेच घाबरू नका. पुसून घ्या, बाऊल रिकामा ठेवून दोन मिनिटं मोठ्या स्पीडवर चालवा, थांबवा, प्लग काढा, परत पुसा. महिन्यातनं एकदा असं रिकामं चालवलं की तेल सुटणं कमी होतं. पण रोज वापरूनही तेल गळत असेल, किंवा बाऊलमध्ये थेंब पडला असेल, तर ते बॅटर टाकून द्या, ऑर्डर कितीही घाईची असू दे, आणि ग्रीस बदलून घ्या. रिपेरीवाल्याला सांगायचं फूड ग्रेड ग्रीसच हवं, आणि जुनं पूर्ण काढून नवं भरायला सांगा, जुन्यावर थापू देऊ नका.

मोटरच्या जाळीतनं ठिणग्या जास्त दिसल्या, जळका वास आला, मशीन मधेच अडखळून चालायला लागली तर बऱ्याच मशीनमध्ये ते कार्बन ब्रश, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे, झिजल्याचं लक्षण असतं. काही मशीनला डोक्याच्या दोन्ही बाजूला गोल टोपीचे स्क्रू असतात, त्यामागं ते बसतात. साधारण ६ मिलिमीटरपेक्षा आखूड झाले की बदलायचे, आणि दोन्ही एकदमच, एकच बदलून उपयोग नाही. नवे बसवल्यावर थोडा वेळ रिकामी चालवा, सुरवातीला जरा वास येतो, तो जातो. टोपी बाहेर दिसत नसेल तर स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नका.

मेटलच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर मशीन तिथंच बंद. आधी घरातली अर्थिंग वायरमनकडनं तपासून घ्या, मग मशीन. तीन पिनेचा प्लग कापून दोन पिनेचा बसवलेला असेल तर त्यावर मशीन चालवायचीच नाही.

९. रुपयाची टेस्ट

बीटर बाऊलच्या तळापासनं किती वर आहे हे बघायची. जास्त वर असेल तर तळाला लोणी-साखर तशीच राहते, जास्त खाली असेल तर बाऊल घासला जातो, खरखर आवाज येतो, कोटिंग उडतं.

एक रुपयाचं नाणं धुवून पुसून बाऊलच्या तळाला ठेवा. चपटा बीटर लावा, विस्क नाही. सगळ्यात कमी स्पीड. बीटरचा प्रत्येक फेरा नाण्याला स्पर्श करून बोटाच्या पेराएवढं किंवा त्याहून कमी सरकवतोय, तर बरोबर आहे. नाणं जागचं हलत नाही, बीटर वर आहे. नाणं पुढं घालून गोल ओढत नेतोय, बीटर खाली आहे.

बदलायचं कसं ते मशीनवर आहे. किचनएड कंपनीच्या कलणाऱ्या मशीनला डोकं वर केल्यावर मानेच्या सांध्यात एक स्क्रू दिसतो, तो डावीकडं फिरवला की बीटर वर, उजवीकडं फिरवला की खाली. केनवुडसारख्यांमध्ये बीटरच्या दांड्यावरच नट असतो, तो पान्यानं ढिला करायचा. दोन्हीत पाव फेऱ्यापेक्षा जास्त एकदम फिरवू नका, फिरवा, टेस्ट करा, परत फिरवा. आणि स्क्रू फिरवताना प्लग काढलेला.

चेक: डोकं लॉक केल्यावर हातानं वर-खाली हलतंय का? हलत असेल तर आधी सांध्याची पिन बसवून घ्या, ती ढिली असताना रुपयाची टेस्ट करून काही कळत नाही.

१०. कणकेच्या दिवशी

साफसफाई कितीही केली तरी मशीन मरते ती कणकेनं. बाऊल पाच लिटरचा म्हणजे पाच लिटर कणीक मावते असं नाही, मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात मैदा किती घालायचा त्याचा आकडा दिलेला असतो, तो बघा. हुक लावला की स्पीड एक नाहीतर दोन, त्याच्या वर नाही. काही मशीनच्या खालच्या स्टिकरवर केबी (KB) आणि पुढं मिनिटं लिहिलेली असतात, ती सलग किती वेळ चालवायची ती मर्यादा. पाच लिहिलंय तर पाच मिनिटांनी थांबवून गार होऊ द्यायची. मशीन आपोआप बंद पडली तर बटण शून्यावर आणा, प्लग काढा, अर्धा तास थांबा, परत परत चालू करून बघू नका.

पुरण ह्यात वाटायला जाऊ नका, ते पुरणयंत्राचं काम आहे. ज्वारीच्या पिठाला ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देतं ते, नाही, हुकनं मळून काही मिळत नाही, उगं मोटर तापते.

अमेरिकेहून आणलेल्या मशीनवाल्यांसाठी

लेक-जावई सुट्टीला येताना घेऊन येतात, त्या १२० व्होल्टच्या असतात. आपल्याकडं २३०. पिन बदलणारा छोटा अडॅप्टर लावला म्हणजे व्होल्टेज बदलत नाही, तो फक्त पिनेचा आकार बदलतो, त्यावर लावली की मोटर गेलीच म्हणून समजा. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो मशीनवर लिहिलेल्या वॅटपेक्षा भरपूर मोठा, ३०० वॅटची मशीन असेल तर निदान ५०० चा. काम झालं की आधी मशीनचा प्लग काढा, मग ट्रान्सफॉर्मरचा. पुसताना तो कट्ट्यावर पाण्याजवळ ठेवू नका, तो मशीनपेक्षा लवकर शॉट होईल.

रिपेरीला नेताना

बाऊल आणि चपटा बीटर बरोबर न्या, त्याच्याशिवाय त्याला उंची लावता येत नाही. नेताना डोकं खाली करून लॉक करा आणि वर सुतळीनं बांधा, गाडीवर मांडीत धरून नेताना खड्ड्यात डोकं उघडतं आणि सगळा भार सांध्यावर येतो. आडवी घालू नका, ग्रीसचं तेल मोटरकडं जातं. आणि पाणी घातलं असेल तर घातलं म्हणून सांगा, तो आधी वाळवेल, नाहीतर तसाच प्लगला लावून बघेल आणि मग मोटरचं बिल वेगळं.